मॅक्रोफेज काढले, रक्तवाहिन्या घटल्या, तरी गाठ तेवढीच! प्रतिकारपेशींचा वाटा मोजायचा कसा?

केशवाहिनी (धागालेखक)

गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात त्यात प्रतिकारपेशींचा हात असतो, हे आता पाठ्यपुस्तकातही आलं आहे. ज्यांनी गाठ मोडायची त्याच तिला रसद पुरवतात, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं. वाचताना हे पटतं, पण प्रयोगाचे आकडे समोर आले की गोंधळ होतो. तीन गोष्टी जुळत नाहीत.

एक, उंदराच्या स्तनाच्या गाठीत क्लोड्रोनेट लायपोसोम (औषध भरलेले मेदाचे कण, जे गिळून मॅक्रोफेज मरतात) देऊन मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) कमी केले. सीडी३१ची (रक्तवाहिन्यांच्या अस्तराची खूण) मोजणी कंट्रोलपेक्षा स्पष्ट कमी येते, पण गाठीचं वजन जवळपास सारखंच. मग मॅक्रोफेजचा वाटा आहे म्हणायचं की नाही?

दोन, आयएल-४ हा संकेत-रेणू देऊन एम२ (दुरुस्तीकडे झुकलेला प्रकार) केलेल्या मॅक्रोफेजचं कंडिशन्ड मीडियम (त्या पेशी ज्यात वाढल्या तो द्रव) ह्यूवेकवर (नाळेच्या शिरेतल्या अस्तरपेशी) टाकलं की नळ्यांचं भरगच्च जाळं दिसतं. त्याच मीडियमच्या एलायझात (अँटिबॉडीने प्रथिन मोजायची चाचणी) मात्र व्हीईजीएफ (वाहिन्या फुटवणारं मुख्य प्रथिन) जेमतेम.

तीन, न्यूड उंदरात (टी पेशी नसलेली जात) वाढवलेली मानवी गाठ बेव्हॅसिझुमॅबला (व्हीईजीएफ रोखणारी अँटिबॉडी) आधी दाद देते आणि नंतर पुन्हा वाढते. हा रेझिस्टन्स मायलॉइड पेशींमुळे (मॅक्रोफेज, मोनोसाइट, न्यूट्रोफिल वगैरे) आहे असं लिहिता येईल का?

शिवाय, मॅक्रोफेज सोडून आधी कुठल्या पेशींकडे बघावं?

---

अंतःस्तर

पहिल्या मुद्द्यात विसंगती नाहीच. रक्तवाहिन्या किती आहेत आणि गाठीला रक्त किती मिळतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, काही तर पुढे कुठेच जात नाहीत. पेरिसाइटचं (वाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी) वेष्टनही विरळ असतं. त्यातल्या निम्म्या गेल्या आणि उरलेल्या नीट बांधल्या गेल्या, तर पुरवठा वाढूही शकतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००८ सालचं आहे. पीवायएमटी उंदरांच्या (स्तनाची गाठ आपोआप होणारी जात) मायलॉइड पेशींमधलं व्हीईजीएफ-ए जनुक काढलं, तेव्हा वाहिन्यांची घनता घटली, त्या कमी वाकड्यातिकड्या झाल्या, पेरिसाइटचं वेष्टन सुधारलं, ऑक्सिजनची टंचाई कमी झाली, आणि गाठी अधिक वेगाने वाढल्या. त्याच गाठी केमोथेरपीला मात्र जास्त बधल्या, कारण औषध आत पोचू लागलं. तेव्हा वजन सारखंच राहिलं हा मॅक्रोफेजच्या बाजूचा पुरावाही नाही आणि विरोधातलाही. तुम्ही वाहिन्यांचं काम मोजलेलंच नाही.

आता कुंपणाबद्दल. मला 'फितुरी' ही कल्पना दिशाभूल करणारी वाटते. जखम भरताना मॅक्रोफेज हेच तर करतात. मेलेला कचरा उचलायचा, ऑक्सिजन कमी असेल तिथे एचआयएफ या नियंत्रक प्रथिनाच्या हुकमाने व्हीईजीएफ सोडायचं, पेशींभोवतीची जुनी चौकट कापून नवी वाहिनी यायला वाट करायची. जखम भरली की काम थांबतं. गाठ भरून येत नाही, म्हणून काम थांबत नाही. वाहिनीपासून १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे ऑक्सिजन पोचत नाही, आणि नव्या वाहिन्यांशिवाय गाठ एकदोन मिलिमीटरवर अडकते. फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलेला मुद्दा हाच. अशा उपाशी जागेत सीसीएल२ आणि सीएसएफ-१ या हाकांनी मोनोसाइट (रक्तातल्या, पुढे मॅक्रोफेज होणाऱ्या पेशी) खेचले जातात आणि जखमेतलं ठरलेलं काम सुरू करतात.

कुठली पेशी किती महत्त्वाची, यापेक्षा ती कधी महत्त्वाची हे विचारा. पीवायएमटी गाठीत मॅक्रोफेज घातक टप्प्याच्या आधीच जमतात. सीएसएफ-१ नसलेल्या उंदरांत वाहिन्यांचं जाळं उशिरा येतं, तर सीएसएफ-१ आधीच वाढवलं तर घातक होण्यापूर्वीच्या गाठीतही जाळं उभं राहतं. त्वचेचा कर्करोग होणाऱ्या के१४-एचपीव्ही१६ उंदरांच्या त्वचेत सुरुवातीला मास्ट पेशी (अॅलर्जीत काम करणाऱ्या प्रतिकारपेशी) पुढे असतात. त्यांची कायमेज आणि ट्रिप्टेज ही विकरं चौकट सैल करतात, आणि मास्ट पेशी नसलेल्या उंदरांत तिथे वाहिन्या कमी फुटतात. स्वादुपिंडाच्या रिप-टॅग२ मॉडेलमध्ये न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढले तर वाहिन्या फुटण्याची पहिली ठिणगी पडण्याचं प्रमाण घटतं. नंतरच्या टप्प्यावर काढून तसा परिणाम दिसत नाही. म्हणजे गाठ हाताला लागण्याएवढी झाल्यावर न्यूट्रोफिल काढून "काही फरक नाही" असा निष्कर्ष काढणं हे बैल गेला नि झोपा केला असं आहे.

न्यूट्रोफिलपाशी थोडं थांबतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एक टोक तिथे आहे. व्हीईजीएफचा १२१ अमिनो आम्लांचा प्रकार मोकळा फिरतो, पण १६५ आणि विशेषतः १८९ चा प्रकार चौकटीतल्या हेपरान सल्फेटला चिकटून बसतो. एमएमपी-९ हे चौकट कापणारं विकर तो सोडवतं. इतर बहुतेक पेशी एमएमपी-९ सोडतात तेव्हा सोबत टिम्प-१ हा त्याचा लगामही येतो. न्यूट्रोफिलच्या कणांतलं एमएमपी-९ लगामाशिवाय येतं, म्हणून थोडकंही पुरतं. अशा वेळी व्हीईजीएफचं एकूण प्रमाण तेवढंच राहतं, वापरता येण्याजोगं मात्र वाढतं. गाठ कुटून केलेला एलायझा किंवा आरएनएची मोजणी हे कधीच दाखवणार नाही.

बाकी थोडक्यात. टाय२ हा ग्राहक असलेले मोनोसाइट वाहिनीला बाहेरून बिलगून असतात, भिंतीत शिरत नाहीत. संख्येने थोडे, पण ते काढल्यावर वाहिन्या घटतात. रेग्युलेटरी (प्रतिकार आवरणाऱ्या) टी पेशी ऑक्सिजनच्या टंचाईत सीसीएल२८ मुळे येतात आणि स्वतः व्हीईजीएफ-ए सोडतात. उलट बाजूला टीएच१ (प्रतिकार चेतवणाऱ्या टी) पेशींचा इंटरफेरॉन गॅमा आहे. तो सीएक्ससीएल९ आणि १० हे संकेत-रेणू वाढवून फुटवे रोखतो आणि पेरिसाइटचं वेष्टन सुधारतो. तेव्हा "प्रतिकारपेशी वाहिन्या वाढवतात" हे विधानच अर्धं आहे.

---

काचपट्टी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण त्याआधी एक शंका: घटल्या त्या रक्तवाहिन्याच होत्या कशावरून?

सीडी३१ फक्त एंडोथेलियमवर (वाहिनीचं आतलं अस्तर) नसतं. प्लेटलेट, मोनोसाइट, न्यूट्रोफिल आणि काही टी पेशींवरही असतं. तुम्ही मॅक्रोफेज काढलेत आणि सीडी३१चे डाग कमी झाले. त्यातले काही डाग मॅक्रोफेजचेच असू शकतात. सॉफ्टवेअरने एका थ्रेशोल्डवर सगळा लाल भाग मोजला असेल तर हा घोळ हमखास होतो. तेच काप सीडी४५ (सगळ्या पांढऱ्या पेशींची खूण) सोबत पुन्हा रंगवा आणि दोन्ही रंग असलेल्या पेशी वगळा. किंवा ईआरजी वापरा. ते एंडोथेलियमच्या केंद्रकात बसतं, त्यामुळे पेशी एकेक करून मोजता येतात आणि मॅक्रोफेज मध्ये येत नाहीत. लसीकावाहिन्यांसाठी लाइव्ह-१ वापरणाऱ्यांनाही हाच इशारा: गाठीतले काही मॅक्रोफेज लाइव्ह-१ दाखवतात.

आता क्लोड्रोनेट. लायपोसोम वाहिनीच्या भिंतीपलीकडे सहज जात नाहीत. शिरेतून दिलेल्या डोसने रक्तातले मोनोसाइट, यकृत आणि प्लीहेतले मॅक्रोफेज आधी मरतात. गाठीतले कमी होतात ते मुख्यतः नवी भरती थांबल्यामुळे, म्हणजे सावकाश. २० ग्रॅमच्या उंदराला ५ मिग्रॅ प्रति मिलिलिटर सस्पेन्शनचे २०० मायक्रोलिटर हा नेहमीचा पहिला डोस, पुढे आठवड्यातून दोनदा त्याच्या निम्मा. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि दर सिरिंज भरण्याआधी हलक्या हाताने उलटसुलट करा. लायपोसोम तळाशी बसतात, आणि हे केलं नाही तर पहिल्या उंदराला पाणी आणि शेवटच्याला दुप्पट डोस मिळतो. इंजेक्शन सावकाश द्या. कंट्रोल दोन हवेत, पीबीएस भरलेले लायपोसोम आणि नुसतं पीबीएस, कारण रिकामे लायपोसोम खाऊनही मॅक्रोफेजची वागणूक बदलते.

किती मेले हे प्लीहेवरून ठरवू नका. प्लीहा एका दिवसात साफ दिसते आणि गाठ भरलेली राहते. गाठीचाच फ्लो (पेशी एकेक करून खुणांवरून मोजणारी चाचणी) करा. एक सावधगिरी: एफ४/८० ही मॅक्रोफेजची खूण इओसिनोफिलवरही असते, तेव्हा सीडी११बी आणि सीडी६४ जोडीला घ्या.

फ्लोसाठी गाठ सुटी करताना ट्रिप्सिन नको, ते पृष्ठभागावरच्या खुणाच कापून टाकतं. कोलॅजिनेज ४ एक मिग्रॅ प्रति मिलिलिटर, डीएनेज १ त्याच्या दहाव्या हिश्श्याने, ३७ अंशांवर ३० ते ४० मिनिटं, मग ७० मायक्रोमीटरची जाळी. रंगवण्याआधी १० मिनिटं एफसी ब्लॉक, नाहीतर मॅक्रोफेज दिसेल ती अँटिबॉडी धरून बसतात. टाय२ मोनोसाइट शोधत असाल तर डबलेट (चिकटलेल्या जोड्या) काढण्याचं गेट अगदी आवळून ठेवा. ह्या पेशी एंडोथेलियमला चिकटलेल्या असतात आणि अर्धवट सुटलेली जोडी मशीनला "सीडी४५ही आहे, टाय२ही आहे" अशी एकच पेशी वाटते. स्क्रीनवर सुंदर लोकसंख्या उमटते आणि ती असते निव्वळ जोड्यांची.

न्यूट्रोफिलकडे वळलात तर आरबी६-८सी५ ही ग्रॅन्युलोसाइटची जुनी अँटिबॉडी टाळा. ती न्यूट्रोफिलवरच्या लाय६जीसोबत मोनोसाइटवरच्या लाय६सीलाही धरते, म्हणजे मोनोसाइटही जातात. १ए८ फक्त लाय६जी धरते. पण १ए८ दिल्यावर लाय६जीने तपासणी केली तर जागा आधीच झाकलेली असते आणि जिवंत न्यूट्रोफिलही दिसत नाहीत. काढल्याचा भास होतो! सीडी११बी आणि मध्यम लाय६सीवरून, किंवा पेशीच्या आतलं लाय६जी रंगवून खात्री करा.

---

केशवाहिनी

सीडी४५ सोबत रंगवलेलं नाही, ही चूक मान्य. आता वाहिन्यांचं काम मोजायचं तर किमान काय करावं? पहिल्या फेरीतले ब्लॉक सगळे पॅराफिनचे आहेत.

---

काचपट्टी

पॅराफिनमध्ये आधी अँटिबॉडीचा क्लोन तपासा. उंदराच्या सीडी३१ साठी एमईसी१३.३ गोठवलेल्या कापांवर उत्तम चालतो, फॉर्मलिन-पॅराफिनवर नाही. तिथे एसझेड३१ लागतो. चुकीचा क्लोन असेल तर मोठ्या वाहिन्या फिकट दिसतात आणि केशवाहिन्या गायब होतात. आणि मग त्याचीच मोजणी होते.

काम मात्र जुन्या ब्लॉकवरून कळणार नाही, त्यासाठी जिवंत उंदराला काहीतरी टोचावं लागतं. पुढच्या फेरीत प्रत्येक गटातले काही उंदीर यासाठीच ठेवा. क्रम असा: पिमोनिडॅझोल (ऑक्सिजनची टंचाई दाखवणारं) ६० मिग्रॅ प्रति किलो, मारण्याच्या साधारण तासभर आधी. टोमॅटो लेक्टिन (रक्त वाहत असलेल्या वाहिन्या रंगवणारं) १०० मायक्रोग्रॅम शेपटीच्या शिरेतून, पाच मिनिटं आधी. मग फिक्सेटिव्हने परफ्यूजन. सीडी३१ आहे पण लेक्टिन नाही, ती वाहिनी बंद. गळती बघायची तर ७० किलोडाल्टनचं डेक्स्ट्रान. पेरिसाइटसाठी एनजी२ किंवा डेस्मिन, आणि काप ५० मायक्रोमीटर तरी जाड. पाच मायक्रोमीटरच्या कापात पेरिसाइटचे हात कापले जातात आणि प्रत्येक वाहिनी उघडी वाटते.

पिमोनिडॅझोल फक्त जिवंत पण ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींत बसतं. मेलेल्या भागात रंग येत नाही, त्याला "ऑक्सिजन भरपूर" समजू नका. टक्केवारी जिवंत भागावर काढा.

शिवाय हॉट स्पॉट निवडून मोजण्याची जुनी पद्धत इथे नको. ती रुग्णांच्या कापांतली सर्वांत दाट जागा शोधायला होती. तुम्हाला पूर्ण कापाचं चित्र हवंय. आणि सारख्या आकाराच्या गाठींची तुलना करा, मोठ्या गाठीत मधला भाग मेलेला असतोच.

---

उलटतपासणी

दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर कुणी फारसं बोललेलं नाही.

नळ्यांचा प्रयोग. आधी हे बघा की ह्यूवेक कशात वाढवल्या. ईजीएम-२ या तयार मीडियममध्ये व्हीईजीएफ आणि एफजीएफ हे वाढीचे घटक आधीच असतात. ते धुऊन, कमी सीरमच्या मीडियमवर काही तास उपाशी ठेवल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. मॅक्रोफेजच्या मीडियममध्ये शिल्लक राहिलेलं आयएल-४ आणि एम-सीएसएफ हेही ह्यूवेककडे जातं. म्हणून ध्रुवीकरण झाल्यावर दोनदा धुवा, नवं कमी सीरमचं मीडियम घाला, २४ तासांनी गोळा करा, ३०० जीवर पाच मिनिटं आणि मग २००० जीवर दहा मिनिटं फिरवा, आणि पेशींच्या संख्येने समान करा. कंट्रोल म्हणून पेशींशिवायचं तेच मीडियम, त्याच ताटलीत, तेवढाच वेळ.

९६ खणांच्या ताटलीत थंडगार मॅट्रिजेल (चौकटीसारखा जेल) ५० मायक्रोलिटर, टिपही थंड. ३७ अंशांवर अर्धा तास. वर सुमारे १५ हजार ह्यूवेक, सहाव्या पॅसेजच्या आतल्या. चार ते सहा तासांत फोटो काढा. रात्रभर ठेवलंत तर जाळं तुटतं आणि कोण आधी तुटलं हेच मोजलं जातं. कडेला मॅट्रिजेलचा उंचवटा होतो, तिथल्या नळ्या मोजू नका. शिवाय साध्या मॅट्रिजेलमध्येच वाढीचे घटक असतात, कमी घटकांचं घ्या.

एवढं करूनही नळ्या जास्त आणि व्हीईजीएफ कमी आलं, तर ते खरं असू शकतं. मॅक्रोफेज आयएल-८, पीएलजीएफ, एफजीएफ-२ असं बरंच काही सोडतात. दुसरी शक्यता, मोनोसाइट वंशाच्या पेशी विद्राव्य व्हीईजीएफआर१ (व्हीईजीएफचा मोकळा ग्राहक) सोडतात. तो व्हीईजीएफला पकडून ठेवतो आणि काही एलायझा किटना पकडलेलं व्हीईजीएफ दिसत नाही. त्याचा वेगळा एलायझा लावा. निर्णायक चाचणी सोपी आहे: व्हीईजीएफ निष्प्रभ करणारी अँटिबॉडी घालून नळ्या कमी होतात का ते बघा, आयसोटाइप कंट्रोलसोबत (निशाणा नसलेली तशीच अँटिबॉडी). आणि खरं सांगायचं तर नळ्यांच्या प्रयोगावर मी एवढंच सोपवीन. फायब्रोब्लास्टही मॅट्रिजेलवर नळ्या करतात.

न्यूड उंदीर आणि बेव्हॅसिझुमॅब: इथे सापळा मोठा आहे. बेव्हॅसिझुमॅब मानवी व्हीईजीएफ धरतं, उंदराचं जवळजवळ नाहीच. मानवी रेणूत ८८व्या जागी ग्लायसिन आहे, उंदराच्या रेणूत त्याच जागी सेरीन, आणि पकड तिथेच सुटते. तुमच्या गाठीतल्या कर्कपेशी मानवी, मॅक्रोफेज उंदराचे. म्हणजे औषधाने गाठीचं व्हीईजीएफ बंद केलं आणि उंदराच्या मॅक्रोफेज व फायब्रोब्लास्टचं चालूच राहिलं. हा रेझिस्टन्स नाही, प्रयोगाच्या रचनेतलं भगदाड आहे. दोन्ही प्रजातींचं व्हीईजीएफ धरणारी बी२० मालिकेतली अँटिबॉडी घ्या, किंवा उंदराचा व्हीईजीएफआर२ रोखणारी डीसी१०१.

त्याच भगदाडाचा फायदाही घेता येतो. एकाच गाठीवर मानवी आणि उंदराच्या व्हीईजीएफचे वेगवेगळे एलायझा लावा. पहिला आकडा कर्कपेशींचा, दुसरा भोवतालच्या ऊतीचा. आधी किटची उलट तपासणी करा, काही किट दोन्हींना थोडं थोडं धरतात.

मायलॉइड पेशींमुळे रेझिस्टन्स हे मात्र खरं प्रकरण आहे. २००७ मध्ये दाखवलं गेलं की ईएल४ आणि एलएलसी या उंदराच्या गाठी व्हीईजीएफविरोधी अँटिबॉडीला जुमानत नाहीत, कारण जी-सीएसएफच्या हाकेने आलेल्या सीडी११बी, जीआर१ या खुणांच्या मायलॉइड पेशी बीव्ही८ हे प्रथिन स्रवून वेगळ्या वाटेने वाहिन्या उभ्या करतात. बी१६एफ१ या गाठीत तसं नाही. असं लिहायचं तर व्हीईजीएफ पूर्ण रोखून, वर जीआर१ पेशी काढून, गाठ पुन्हा दाद देते हे दाखवावं लागेल. आणि न्यूड उंदरात टी पेशी नाहीत हे विसरू नका. अंतःस्तर यांनी सांगितलेली टीएच१ची उलट बाजू त्या उंदरात दिसणारच नाही.

---

दुसरंमत

रुग्णांकडच्या बाजूने थोडी भर.

व्हीईजीएफ फक्त वाहिन्यांचं काम बघत नाही. डेंड्रिटिक (टी पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या) पेशींची वाढ अडवतं आणि एंडोथेलियमवरचे आयकॅम-१ व व्हीकॅम-१ हे पकडीचे रेणू कमी करतं, म्हणजे टी पेशींना उतरायला पायरीच राहत नाही. म्हणून व्हीईजीएफ रोखण्याचा एक फायदा उपासमारीशी संबंधित नाहीच, तो टी पेशींना आत येऊ देण्याचा आहे. बेव्हॅसिझुमॅबला २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली ती केमोथेरपीच्या जोडीने. इम्युनोथेरपीशी जोडी नंतर जमली. यकृताच्या कर्करोगातल्या आयएमब्रेव्ह१५० चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले: ५०१ रुग्ण, एका गटाला अटेझोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) १२०० मिग्रॅ आणि बेव्हॅसिझुमॅब १५ मिग्रॅ प्रति किलो, दर तीन आठवड्यांनी. बारा महिन्यांनी त्या गटात जिवंत असलेले ६७.२ टक्के, सोराफेनिब (तुलनेचं औषध) गटात ५४.६ टक्के. या चाचणीत उपचाराआधीच्या सहा महिन्यांत एंडोस्कोपी झालेली असणं सक्तीचं होतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर उपचार झाले नसतील तर बेव्हॅसिझुमॅबवर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

डोसबद्दल: उंदराच्या स्तनाच्या गाठीत डीसी१०१ दर तीन दिवसांनी ४० मिग्रॅ प्रति किलो दिलं तर वाहिन्या छाटल्या जातात. १० ते २० मिग्रॅवर त्या उलट सुधारतात, आणि टी पेशी जास्त आत येतात. मेंदूतल्या यू८७ गाठीत ४० मिग्रॅवर सुधारणेची खिडकी सुरुवातीच्या दिवसांत उघडून आठव्या दिवसाच्या सुमारास बंद झाली होती. तेव्हा एकाच दिवशी सगळे उंदीर मारू नका. किमान दोन-तीन वेळांचे बिंदू ठेवा.

---

अंतःस्तर

अवांतर नाही, पण राहून गेलं: मॅक्रोफेज किंवा मोनोसाइट रोखणं थांबवल्यावर काय होतं तेही बघा. सीसीएल२ रोखलं की मोनोसाइट अस्थिमज्जेत साचतात. उपचार थांबवताच ते एकदम बाहेर पडतात, आणि २०१४ मध्ये उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात दाखवलं गेलं की त्यानंतर फुप्फुसात रक्तवाहिन्या आणि मेटास्टॅसिस दोन्ही वाढले. आयएल-६ आणि व्हीईजीएफ-ए अडवल्यावर ते घटलं. क्लोड्रोनेटचा शेवटचा डोस आणि उंदीर मारण्याचा दिवस यांत आठवडाभराचं अंतर असेल, तर तुम्ही कदाचित मॅक्रोफेज नसलेली गाठ नव्हे, नुकतीच पुन्हा भरलेली गाठ मोजली आहे. शेवटचा डोस कधी दिला होता?

---

केशवाहिनी

सहा दिवस आधी. पुढच्या फेरीत शेवटचा डोस दोन दिवस आधी, आणि सहा दिवसांचा गट वेगळा ठेवते. सीडी४५ आणि ईआरजीचे काप आधी, जुन्याच ब्लॉकवर.